कामाच्या वाटेवरची सायकल-चुरस : खान्देशातल्या जाणत्यांनी लिहा

तापीकाठचा
राम राम मंडळी. आज सकाळी दीपनगरच्या वीजकेंद्राच्या रस्त्याला दोघं जण कामाच्या पाळीवर निघालेले दिसले. पुढे काळी दांडीची बिनगिअरची सायकल, मागे गिअरवाली. मागच्याने दोनदा घंटी वाजवली, म्हणजे चुरशीचं बोलावणं, आणि पुढच्याने मान न वळवता पायडलवर जोर वाढवला. भुसावळ-वरणगावकडे पाळीच्या वेळेला ही घंटी किती ऐकू यायची, ते एकदम आठवलं.
ही चुरस पुन्हा दिसतेय याचा मनापासून आनंद आहे. पण नवीन पोरं नुसता पायाचा जोर लावतात आणि टायरात हवा निम्मी असते. म्हणून धागा काढला. ज्याला जे नेमकं माहीत आहे ते लिहा.
सुरुवात हवेपासून. काळ्या सायकलच्या २८ × १½ टायरला ४५ ते ५५ पौंड (हवेचा दाब, पीएसआय). गिअरवालीच्या ७०० × ३८ टायरला ५० ते ६०, ७०० × ३२ ला ६५ ते ७५. मागच्या चाकावर वजन जास्त, म्हणून तिथे ५ पौंड जास्त ठेवा. टायरच्या कडेला छापलेला मोठा आकडा ही वरची हद्द असते, रोज तिथपर्यंत भरायचं नसतं. अंगठा दाबून बघू नका, ३० आणि ५० मधला फरक अंगठ्याला कळत नाही.

सराटा_पंक्चर
हाव ना भो, आणि हवा आठवड्यातून एकदा तरी भरा. आपोआप उतरते. जुन्या वाल्वची रबरी नळी उन्हाने चिकट होते, तिथून हळूहळू गळती. थुंकी लावून बघा, बुडबुडा आला तर नळी बदला. दोन-चार नळ्या कायम खिशात.

गिअरवाला_जळगाव
काळी सायकल जड म्हणून मागे पडते असं सगळे म्हणतात. आपल्या तापीच्या पट्ट्यात हे फारसं खरं नाही. रस्ता सपाट आहे. वजन नडतं ते सुटताना आणि चढाला. एकदा वेग धरला की लढाई वाऱ्याशी. ताशी २० वरून २५ वर जायचं तर वारा कापायला लागणारी ताकद जवळजवळ दुप्पट होते. काळ्या सायकलवर माणूस ताठ बसतो, छाती वाऱ्याला आडवी. ती मागे पडते ती यामुळे.
दुसरं कारण चेनच्या चकत्यांचे दात. पुढच्या चकतीला ४४ आणि मागच्या चकतीला १८ दात असतील तर पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण ५.४५ मीटर जाते. मिनिटाला ७० फेऱ्या म्हणजे ताशी जवळपास २३. याच्यावर जायचं तर पाय भराभर फिरवणं एवढाच उपाय. गिअरवाल्याने ४८-१४ लावला की त्याच ७० फेऱ्यांत तो ३१ च्या पुढे. म्हणून बिनगिअरवाल्याने ताकद लावण्यापेक्षा फेऱ्या ८० वर न्यायची सवय करावी, २६ मिळतात आणि गुडघेही वाचतात.

यावलची_ताई
भाऊ, हे ८० फेऱ्यांचं सीट खाली असेल तर जमणार नाही. अर्ध्या लोकांच्या सीट खाली असतात, पाय जमिनीला टेकावा म्हणून. टाच पायडलवर ठेवून पायडल खाली न्यायचं, पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघ्यात थोडा वाक राहतो, तेच माप. एकदम वाढवू नका. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा इंच.
आणि मुलींसाठी एक : चेनकव्हर काढून सायकल "हलकी" करू नका. ओढणीचं टोक चेनमध्ये गेलं की माणूस जागेवर पडतो. ओढणी पाठीमागे गाठ मारून किंवा बॅगेत. मागच्या चाकाला जाळी असेल तर ती राहू द्या.

केळी_बाग
सावदा-फैजपूरकडून येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, केळीच्या गाड्या गेल्यावर रस्त्यावर पाला आणि सालपटं पडलेली असतात. त्यावर ब्रेक नाही, वळण नाही. पायडल थांबवून सरळ जाऊ द्यायचं. पुढे काढायची घाई असेल तर कोरड्या भागात काढा.

अवधान_वाला
धुळ्याची गोष्ट वेगळी भो. लळिंगच्या बाजूला चढ आहे, तिथे वजन मोजलंच पाहिजे. डबा, पाण्याची बाटली, कुलूप, साखळी मिळून ४ किलो सहज होतात. माणूस आणि सायकल ९० किलो धरली तर चढाला साडेचार टक्के जास्त मेहनत. चढाच्या आधी पुढे काढून काही मिळत नाही, दम तिथेच संपतो. चढ एका लयीत, बसूनच. माथ्यावर पोचल्यावरही पायडल सोडू नका, बहुतेकांची चुरस तिथे हातची जाते. पुढचा माथ्यावर सैल पडतो आणि मागचा निघून जातो.
उतरताना मात्र चुरस बंद. दांडीच्या ब्रेकवर कुणाशी पैज नाही.

सराटा_पंक्चर
आप्पा बरोबर. पावसात तर नाहीच नाही. क्रोमच्या रीमवर पाणी असलं की रबरी गुटके घसरतात, थांबायला कोरड्यापेक्षा कितीतरी जास्त अंतर लागतं. आधी हलका ब्रेक धरून रीम पुसून घ्यायची, मग जोर. गुटका रीमला पूर्ण टेकतो का बघा, अर्धाच घासत असेल तर कडेला पायरी पडते.

कळण्याची_भाकरी
तुम्ही डब्याचं वजन काढलं म्हणून. डबा कॅरिअरला लावता का हँडलला? हँडलला लटकवला की पुढचं चाक डुलतं, उभं राहून जोर लावताना तर फारच. कॅरिअरवर ट्यूबच्या जुन्या पट्टीने आवळून बांधायचा.

यावलची_ताई
नावावरून विचारते, कळण्याला ज्वारी-उडदाचं माप काय धरता?

कळण्याची_भाकरी
ताई, ज्वारी चार भाग, सालीचे उडीद एक भाग, दळतानाच मीठ. सोबत ठेचा आणि तेल. पण सायकल मारायच्या आधी पोटभर नको, पोचल्यावर खा. निघताना एक केळं पुरतं.

तापीकाठचा
मागे चिकटून चालणाऱ्यांबद्दल कुणीतरी लिहा ना. यावरून भांडणं होतात.

गिअरवाला_जळगाव
लिहितो. पुढच्याच्या मागे एक सायकलभर अंतर ठेवून चाललं तर मागच्याची पाव ते तिसरा हिस्सा मेहनत वाचते. म्हणजे सगळा रस्ता मागे बसून शेवटच्या शंभर मीटरला पुढे काढणं याला जिंकणं म्हणता येत नाही, हे माझं स्पष्ट मत. पाळी लावायची. एक किलोमीटर तू पुढे, एक मी. पुढचा दमला की डाव्या कडेला सरकून कोपर हलवतो आणि मागचा पुढे येतो. मागे बसायच्या आधी "मागे आहे भाऊ" असं सांगायचं. पुढच्याला माहीत नसेल तर तो खड्डा चुकवायला एकदम ब्रेक मारतो.
सगळ्यात महत्त्वाचं, आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला शिरू द्यायचं नाही. चाकाला चाक घासलं तर पुढच्याला काही होत नाही. मागच्याचं हँडल फिरतं आणि तो आडवा होतो.
ट्रकच्या मागे तर कधीच नाही. हायवेला दोघं शेजारी-शेजारीही नाही.

दांडीवाला
मोठा ट्रक बाजूने गेला की आधी बाहेर ढकलतो, मग आत ओढतो. हँडल सैल धरा, कोपर वाकवून. तापीच्या पुलावर आडवा वारा असतो तेव्हाही तेच.

अवधान_वाला
वाऱ्याचं वेळापत्रकही लिहून ठेवतो, नाहीतर पोरं उगाच खचतात. सकाळी वारा पडलेला असतो, जमीन तापली की दहा-अकरानंतर वाढतो. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात तो पश्चिमेकडून येतो. साक्रीकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच नाहीत. भुसावळहून जळगावला जाणाऱ्याच्या तोंडावर, येणाऱ्याच्या पाठीवर. ताशी २० ने चाललात आणि समोरून १० चा वारा असेल तर हवेचा अडसर सव्वादोन पट. तेव्हा संध्याकाळच्या वेळेवरून कुणाला चांगला-वाईट ठरवू नका. मोजायचं तर सकाळचं मोजा.
बिनगिअरवाल्यांनी त्या वाऱ्याच्या महिन्यांसाठी मागे १८ ऐवजी २० दातांचं फ्रीव्हील (मागची दातांची चकती) बसवून बघा. चेन तीच चालते, चाक साधारण ६ मिलिमीटर पुढे घ्यावं लागतं, चाकाचा एक्सल बसतो त्या स्लॉटमध्ये तेवढी जागा आहे का आधी बघा. चेन मधोमध अर्धा ते पाऊण इंच खाली-वर हलली पाहिजे. फार ताणलेली चेन जड चालते.

नवा_पॅडल
मग काळी आणि गिअरवाली यांची बरोबरीची चुरस लावायची कशी? आमच्यात रोज वाद.

तापीकाठचा
सूट द्यायची बाळा. काळी २० ने आणि गिअरवाली २५ ने चालत असेल तर १० किलोमीटरला ३० मिनिटं आणि २४ मिनिटं. म्हणजे काळीवाला सहा मिनिटं आधी निघेल. आठवडाभर वेळ लिहा आणि सूट अर्ध्या मिनिटाने कमी-जास्त करा. चुरशीचा शेवट कामाच्या गेटावर ठेवायचा नाही, तिथे माणसांची गर्दी असते. गेटाच्या २०० मीटर अलीकडे एखादं निंबाचं झाड ठरवा आणि तिथून पुढे सोबत बोलत जा. रेल्वे फाटक बंद असेल तर घड्याळही बंद. फाटकाखालून वाकून सायकल काढणं हा गुन्हा आहे, आणि जीवही जातो.
एकाचं पंक्चर झालं तर दुसऱ्याने थांबायचं. हा नियम बाकी सगळ्यांच्या वरचा.

सराटा_पंक्चर
पंक्चर म्हणजे माझा विषय. आपल्याकडे सराटे आणि बाभळीचे काटे. रस्त्याच्या कडेची माती सोडून पांढऱ्या पट्टीच्या आतून चाला. घरी गेल्यावर रोज टायरवरून जुनं फडकं फिरवा. सराटा पहिल्या दिवशी अर्धाच घुसतो, पंक्चर तिसऱ्या दिवशी होतं.

दांडीवाला
मे महिन्यात पॅच निघून येतात, ते कशाने? हवा तापून टायर फुटतं म्हणतात, म्हणून लोक हवाच कमी ठेवतात.

सराटा_पंक्चर
हवा कमी ठेवणं चूक. २५ अंशांवरून ४५ ला गेलं तर ५० पौंडांचे ५४ होतात, चांगल्या टायरला त्याने काही होत नाही. फुटतं ते कडेला चिरा गेलेलं जुनं टायर. पॅच निघतो तो घाईने. ट्यूब पॉलिश पेपरने घासून काळा चकचकीतपणा घालवा, धूळ पुसा, सोल्यूशन पातळ लावा आणि पाच मिनिटं वाळू द्या. बोटाला ओलं लागता कामा नये. मग पॅच बसवून मधून कडेकडे दाबत न्या. ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच सावलीत टिकतो आणि उन्हात सुटतो. शेवटी टायरच्या आत बोट फिरवून काटा काढलाय का बघा, हे विसरणारे फार.

कळण्याची_भाकरी
उन्हावरून, परतीला साधं पाणी पुरत नाही. एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. डोकं गरगरलं किंवा घाम थांबला तर चुरस तिथेच सोडून सावली धरा. मागच्याने पुढे न जाता सोबत थांबायचं.

नवा_पॅडल
गिअर नसलेल्या सायकलला पायडल मारताना दर फेरीला "टक" येतं, तेल घालून गेलं नाही.

दांडीवाला
फेरीला एकदाच आणि जोर लावल्यावरच येत असेल तर कॉटर पिन, म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) एक्सलला घट्ट धरणारी पाचर, सैल आहे. तशीच चालवली तर एक्सलची खाच खराब होते. नवी पिन ठोकताना क्रँकखाली जाड लाकूड किंवा लोखंडी नळी टेकवा, नाहीतर मार छर्ऱ्यांवर जातो. ठोकून मग नट आवळा, नट आवळून पिन ओढू नका. २०-२५ किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा आवळा.
तेवढ्यात ओव्हरऑइलिंगही (चाकांचे हब खोलून साफ करणं, ग्रीस भरणं) उरकून घे. पुढच्या हबला दोन्हीकडे दहा-दहा छर्रे, ३/१६ इंची. मागे नऊ-नऊ, पाव इंची. एकावर खड्डा दिसला तर सगळे बदल, नवे-जुने मिसळू नको. कोन (छर्ऱ्यांवर आवळायचा शंकूसारखा नट) इतका आवळ की चाक हलत नाही, पण वाल्वच्या वजनाने आपोआप खाली फिरतं.

नवा_पॅडल
वाल्व खाली येत नाहीये भाऊ, मधेच थांबतं.

दांडीवाला
कोन पाव फेरी सैल कर आणि परत बघ.