फ्लेक्सवर साहेबांपेक्षा शुभेच्छुकच मोठा, असं का?

नाक्यावरचा: आमच्या चौकात एका आमदारांच्या वाढदिवसाचा १० बाय २०चा फ्लेक्स लागलाय. साहेब डाव्या कोपऱ्यात, उजवीकडे नखशिखान्त उभा भलताच कुणीतरी, आणि खाली गॉगलवाली पंचवीस-तीस मुंडकी. साहेबांना राग येत नाही का? आणि हे वाचतं कोण?

कोरलवाला: राग कशाला येईल? फुकटात चौक मिळतो. वाचणारे मुख्यतः दोघंच: साहेबांचा पीए आणि त्याच वॉर्डातला दुसरा इच्छुक. म्हणून खांब निवडताना साहेबांच्या गाडीचा रस्ता आधी बघतात, गर्दी नंतर.

मांडणी ठरलेली असते. वर महापुरुष, मग दिल्लीचे नेते, मग राज्यातले. उजवीकडचा उभा तो पैसे देणारा. खालची मुंडकी वर्गणीतली, प्रत्येकाला फूटभर जागा. भांडण लागतं ते वरच्या पट्टीवरून: कुणाचा चेहरा आधी, कुणाचा बोटभर लहान. प्रूफ ग्रुपवर टाकलं की संपलंच, एकाच माणसाकडून मंजूर करून घ्यावं. जून २०२२ मध्ये शिवसेना आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटल्यापासून तर जुनी फाइल उघडून नुसतं नाव बदलणं धोक्याचं झालंय, चिन्ह नाहीतर एखादा चेहरा पलीकडच्या गटाचा राहून जातो.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला तर लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेल उरतात. पाच फुटांवर ताणला की इंचाला जेमतेम २७ पडतात आणि चेहरा चिखल होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फाँट लागणार नाही अशा आकारांत, बदलूनच फाइल द्या, नाहीतर दुसऱ्या दुकानात फाँट नसला की ‘हार्दिक’चं काहीही होतं.

वॉर्डातला: वर बरोबर सांगितलंय. फक्त एक भर. साहेब दरवर्षी जाहीर सांगतात, ‘फ्लेक्स लावू नका, त्या पैशांत वह्या वाटा.’ ते ऐकून जो खरंच थांबतो, त्याचंच नाव संध्याकाळी निघतं, ‘अमका दिसला नाही यंदा’. हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून कुणी थांबत नाही.

गंमत बघायची तर मागच्या वर्षीचा फ्लेक्स मोबाइलमध्ये ठेवा आणि यंदाच्याशी ताडून बघा. वरच्या पट्टीतून खाली कोण घसरला, कोण गायब झाला, हे पेपरात येण्याआधी तिथे दिसतं. ‘भावी नगरसेवक’ ही पदवीही बघा. मुंबई-पुणे महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणुका लांबत गेल्या. तेवढी वर्षं माणसं भावीच राहिली, पण छपाई थांबली नाही. थांबलं तर दुसरा भावी तयारच होता.

नाक्यावरचा: आणि परवानगी वगैरे?

कलम तीन: बहुतेकांची नसतेच. १९९५च्या विद्रूपण प्रतिबंधक कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन हजार म्हणजे खर्चात धरलेली रक्कम. सातारच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या बेकायदा फलकांविरुद्धच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये खडसावलं, तरी खांब रिकामे झाले नाहीत. आरोपी स्वतःचा फोटो, नाव, कधीकधी मोबाइल नंबरसुद्धा छापतो, इतका पुरावा दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यात मिळतो सांगा!

खरा धोका वाऱ्याचा. १० बाय २० म्हणजे २०० चौरस फुटांचं शीडच. ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर सव्वाशे-दीडशे किलोचा रेटा येतो, आणि बांधणी म्हणजे पातळ लाकडी पट्ट्या, खिळे नि सुतळी. हवा जायला कापडाला काप देत नाहीत, चेहरा फाटतो ना!

तक्रार करायची तर दोन फोटो काढा: एक पूर्ण फ्लेक्स, दुसरा खांबाच्या नंबरासकट. परवानगीचा क्रमांक आणि मुदत छापलेली नसेल तर तसं लिहा. पुण्यात आकाशचिन्ह व परवाना विभाग, इतरत्र वॉर्ड ऑफिस. वाढदिवसाच्या आधीच द्या, नंतर लावणारे स्वतःच तो उतरवतात, पुढच्या साहेबांसाठी जागा लागते.