स्टीलच्या फ्रेममध्ये आवळून बसलेला ॲल्युमिनियमचा सीट पिलर कसा काढावा?

नमस्कार मंडळी,

मामांनी वापरलेली जुनी इंग्लिश रेसिंग सायकल मी जळगावात पुन्हा चालती करत आहे. फ्रेम रेनॉल्ड्स ५३१ नळ्यांची, म्हणजे पोलादी. सीट पिलर, म्हणजे सीट ज्या दांड्यावर बसते तो, मात्र ॲल्युमिनियमचा, २७.२ मिमीचा, आणि तो तसूभरही हलत नाही. नळीच्या तोंडाशी आणि मागच्या खाचेत पांढरी, खरबरीत भुकटी साचली आहे. नखाने खरवडली की खाली राखाडी खड्डे दिसतात.

कारण उघड आहे. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून, मध्ये ग्रीस नाही आणि वरून घामाचे खारे पाणी. अशा जोडीत झिजते ते ॲल्युमिनियमच, आणि तयार होणारे ऑक्साइड मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापत असल्याने पाचरीसारखे आवळते. आपली हवा कोरडी असल्यामुळे असे होणार नाही, असे मला सांगण्यात आले होते. पण मे महिन्यात आपल्याकडे घाम किती गळतो, हे काय सांगायचे?

आमचे मिस्त्री म्हणतात, "गरम करा, निंघी जाई." मला ते पटत नाही, कारण तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणजे पिलर आणखी आवळेल, शिवाय मूळ रंग आणि स्टिकर जळतील ते वेगळेच. उलट पिलरच थंड केला तर तो अधिक आकसेल. मुरणारे तेल वरून सोडून झाले आहे, काही फरक नाही. आता बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस जिथे फिरतो तो भाग) काढून, फ्रेम उलटी टांगून खालूनही तेल सोडणार आहे.

कोणी कोरडा बर्फ (ड्राय आइस) वापरून पाहिला आहे का, आणि तो जळगाव, भुसावळ किंवा धुळ्यात कुठे मिळतो? पिलरचे डोके वाइसमध्ये धरून फ्रेमच फिरवावी, तर पातळ नळी पिळली जाण्याची भीती कितपत खरी आहे? शेवटचा उपाय कॉस्टिक सोडा. तो पोलादाला हात न लावता ॲल्युमिनियम विरघळवतो, पण रंगही खातो आणि हायड्रोजन सोडतो. म्हणून त्याआधी पिलर वरून कापून, हॅकसॉच्या नुसत्या पात्याने आतून उभी चीर पाडून पाहावी असे वाटते. हे ज्यांनी केले आहे त्यांनी सांगावे: पाते पोलादाला टेकले, हे हाताला वेळेवर कळते का?