"शेवटचा पीस आहे, आत्ताच घ्या" : तुम्हाला कोणी, कधी सांगितलं?

पेरूगेट

आमचा वाडा पाडायला घेतलाय, त्यामुळे पंधरा दिवस माळे रिकामे करणं चालू आहे. काल एका पत्र्याच्या डब्यात टीव्हीचं बिल सापडलं. २० इंची कलर, १४,२०० रुपये, फेब्रुवारी १९९६. कागद पिवळा पडलाय, पण खाली पेनाने लिहिलेलं "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अजून ठळक आहे.

मी सहावीत होते. वर्ल्डकप आठवड्यावर आलेला. टीव्ही जूनमध्ये घ्यायचा, आईची पोस्टातली आरडी पुरी झाली की, असं ठरलेलं होतं. बाबा मला घेऊन तपकीर गल्लीत गेले ते नुसते भाव काढायला. दुकानदार म्हणाला, "हे मॉडेल संपलं साहेब, हा शेवटचा. वर्ल्डकप होईपर्यंत माल येणार नाही. एकजण संध्याकाळी पैसे घेऊन येतोय, पण तुम्ही आत्ता हो म्हणालात तर तुमचा." बाबांनी खिशातलं पाकीट काढलं, उघडलं, मिटून परत ठेवलं. असं तीनदा केलं. मग हजार रुपये टोकन दिलं. दुसऱ्या दिवशी चार हप्ते राहिलेली आरडी मोडली, कमी पडले ते मामाकडून आणले.

टीव्ही आणायला रिक्षा घेऊन गेलो, तर दुकानासमोर टेम्पोतून खोकी उतरत होती. तेच मॉडेल. मी मोजली, अकरा. बाबांनीही बघितली. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

टीव्ही चांगला निघाला, तेरा वर्षं चालला. भावातही फसवलं नव्हतं. पण आमचे चार महिने त्या माणसाने एका वाक्यात काढून घेतले. बाबा आता नाहीत. बिल हातात आल्यापासून ते पाकीट डोळ्यासमोरून जात नाहीये. तुम्हाला असं कोणी घाई लावून विकलंय का? लिहा.

लोखंडीकढई

पाकीट वाचून गलबललं. पोळ्या राहिल्यात, नंतर येते.

सिंहगडवारी

माझं वय ७४. खरी टंचाई आम्ही पाहिली आहे. स्कूटर इथेच आकुर्डीला बनायची आणि पुण्यातल्या माणसाला ती मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. किती बनवायच्या ते परवान्यावर ठरलेलं, मग रांग लागणारच. नंबर लागलेली माणसं "ऑन", म्हणजे किमतीवर जास्तीचे पैसे, घेऊन नंबर विकायची. माझ्या थोरल्या भावाने नोकरीला लागल्यावर स्कूटर बुक केली आणि ती आली तेव्हा त्याचा मुलगा शाळेत जात होता. पण तेव्हा निदान कोणी खोटं बोलत नव्हतं. नाही म्हणजे नाही.

टीव्हीचं म्हणाल तर १९७३ मध्ये सिंहगडावर मनोरा उभा राहिला आणि मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसायला लागले. आमच्या आळीत एकच सेट होता. शनिवारी जिन्यापर्यंत माणसं बसायची. मनोऱ्याबद्दल एकदा स्वतंत्र लिहीन.

भिडेपूल

काका, मनोऱ्याचं नक्की लिहा. माझे आजोबा त्या कामावर होते असं घरात सांगतात.

लोखंडीकढई

आले. आमचं जून २०२०. मुलीची शाळा ऑनलाइन सुरू होणार, घरात लॅपटॉप एकच आणि त्यावर नवऱ्याचं ऑफिस. कर्वे रोडवरच्या एका दुकानात मास्क लावून गेलो. "एकच उरलाय मॅडम, आणि तो बॅग, अँटीव्हायरस आणि तीन वर्षांची वॉरंटी यांच्यासोबतच निघेल, सुटा बिलच होत नाही." ६,५०० रुपये जास्त गेले. चौथ्या दिवशी शेजारच्यांनी त्याच दुकानातून तोच लॅपटॉप सुटा आणला.

तेव्हा माल खरंच कमी होता हो, सगळ्या जगात. म्हणूनच खरं काय आणि खोटं काय ते कळायला मार्ग नव्हता. भीती आधीच आमच्या पोटात होती, त्याने ती फक्त वापरली. अँटीव्हायरसचं पाकीट आजतागायत फोडलेलं नाही.

कोर्टरस्ता

@लोखंडीकढई, एक वस्तू हवी तर दुसरी घ्याच, अशी सक्ती करता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये याला प्रतिबंधात्मक व्यापारी प्रथा म्हटलंय. पुढच्या वेळी "सुटं बिल होत नाही असं लिहून द्या" एवढंच म्हणा. माझ्या अनुभवात कोणी लिहून देत नाही, बिल मात्र सुटं होतं. नाहीच झालं तर दुकानात उभं राहूनच १९१५ लावा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं.

चकली

१९१५ लिहून ठेवला. आमचं प्लेस्टेशन ५. भारतात फेब्रुवारी २०२१ ला आलं, किंमत ४९,९९०. चिप्सची टंचाई होती, बुकिंग मिनिटांत संपायचं, ते खरंच होतं. लेकाने दोन वर्षं दिवाळी, वाढदिवस, मुंजीचे पैसे साठवलेले. कॅम्पातल्या दुकानाने सांगितलं, आहे, पण दोन गेम आणि जास्तीचा कंट्रोलर घेतला तरच. म्हणजे सरळ साठ हजारांच्या वर. तो मला म्हणाला, "आई, नको, चल." बारा वर्षांचं पोर! मी आत जाऊन भांडणार होते, त्याने माझी ओढणी धरली.

वर्षाने मिळालं, छापील किमतीत. तोवर त्याची आवडच बदलली होती, आता तबला शिकतो. कोणाला कोथरूडमध्ये तबल्याला शाई घालून देणारं चांगलं कोणी माहीत आहे का? आमचे लांब राहायला गेले.

भिडेपूल

@चकली, व्यक्तिगत निरोप केलाय. लेक गुणी आहे तुमचा.

रात्रपाळी

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. २०१७ ते २०१९ मी पुण्यातल्या एका मोठ्या शोरूममध्ये सेल्समन होतो. टीव्ही, एसी, फ्रिज.

पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं, फ्लोअरवर एका मॉडेलचं एकच खोकं दिसलं पाहिजे. गोडाऊनला चाळीस असले तरी. गिऱ्हाईक "घरी विचारून येतो" म्हणालं की "थांबा, स्टॉक बघतो" म्हणून आत जायचं. आत काही बघायचं नसायचं. पाणी प्यायचं, दोन मिनिटं काढायची, बाहेर येऊन सांगायचं, "एकच आहे सर, तोही दुसऱ्या ब्रँचने मागितलाय. होल्ड करू का?" होल्ड म्हटलं की माणसाला ती वस्तू आपलीच वाटायला लागते. मग मॅनेजर लांबून ओरडायचा, "अरे तो पीस गेला का?" हेही ठरलेलं.

सगळ्यात वाईट म्हणजे जे मॉडेल खरंच संपत आलेलं असायचं त्याबद्दल आम्ही कधी असं बोललोच नाही. ते आपोआप जायचं. "शेवटचा" म्हणायचो ते गोडाऊनमध्ये पडून राहिलेल्या मालाबद्दल. गेल्या वर्षीचं मॉडेल, ज्यावर आम्हाला पीसमागे इन्सेंटिव्ह असायचा. टीव्हीवर दुकानाला फार सुटत नाही, सुटतं ते वॉरंटीवर, स्टॅबिलायझरवर, भिंतीच्या ब्रॅकेटवर. घाईत असलेलं गिऱ्हाईक या तिन्हींना हो म्हणतं.

२०१८ च्या एप्रिलमध्ये एक आजी-आजोबा आले. आजींना उकाडा सहन होत नव्हता. मी सांगितलं, उद्यापासून भाव वाढतोय आणि हा शेवटचा. आजोबांनी चेक लिहिला, हात थरथरत होता, सही जुळेना म्हणून दुसरा लिहिला. भाव वाढला नाही. उलट पंधरा दिवसांनी ऑफर आली, ३,००० कमी. इन्स्टॉलेशनच्या वेळी मी त्यांच्या घरी गेलो होतो, आजींनी लाडू दिला. तो मी खाल्ला. अजून आठवतो. आता मी वेगळ्या कामात आहे.

पेरूगेट

तुम्ही लिहिलंत, बरं केलंत. "एकजण संध्याकाळी येतोय" हेही तसंच असणार म्हणजे.

तीनमजली

मला राग येतोय, खरं सांगते. लाडू आठवतो ठीक आहे, पण तीन हजार परत करता आले असते. माझे सासरे असेच एकटे जाऊन एसी घेऊन आले होते आणि आम्ही त्यांनाच बोललो, "तुम्हाला काही कळत नाही" म्हणून. ते पुन्हा कधी एकटे दुकानात गेले नाहीत. आज वाचून कळतंय समोर अख्खं दुकान मिळून लागलेलं होतं.

रात्रपाळी

राग बरोबर आहे तुमचा. पगार १२,००० होता आणि टार्गेट पुरं नाही झालं तर त्यातूनही कमी. पण ते कारण म्हणून सांगत नाहीये.

सिंहगडवारी

@तीनमजली, सासरे असतील तर त्यांना हे वाचून दाखवा.

तीनमजली

आहेत. संध्याकाळी दाखवते.

शेवगाशेंग

बसमध्ये आहे, थोडक्यात लिहिते. एका साइटवर इअरफोन, "फक्त २ शिल्लक", खाली घड्याळ उलटं चालू, ०९:५९. बहीण हडपसरला असते, तिला म्हटलं तू उघड. तिच्याकडेही २. मी एक घेतला. दोघींकडे तरीही २! घड्याळ शून्यावर गेलं आणि परत ०९:५९. तीन दिवस बघितलं. स्क्रीनशॉट आहेत.

कोर्टरस्ता

ते स्क्रीनशॉट ठेवा, उपयोगी आहेत. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार आहेत आणि पहिलाच खोटी घाई. साठा खरंच कमी असताना कमी दाखवणं चूक नाही, भरपूर असताना कमी दाखवणं चूक. तारीख, वेळ आणि वस्तूचं पूर्ण नाव एकाच चित्रात यायला हवं.

शेवगाशेंग

करते तक्रार. स्वारगेट आलं, उतरते.

मोगरा_पहिला

मी लिहू की नको असं झालं होतं. एप्रिल २०२१. आईला ताप, डॉक्टर म्हणाले ऑक्सिजन मोजत राहा. ऑक्सिमीटर कुठेच नाही. सदाशिव पेठेतलं एक दुकान, काउंटरवरचा मुलगा म्हणाला संपलं. मी पायरीवरच बसले. दहा मिनिटांनी त्याने हाक मारली, "एक आहे, ३,२०० पडतील." खोक्यावरचा किमतीचा कागद नखाने खरवडलेला होता. मी दिले. तो द्यायला आत वाकला तेव्हा खालचा ड्रॉवर उघडा होता, आणि त्यात तसलीच निळी खोकी ओळीने लावलेली.

आई वाचली. यंत्र देव्हाऱ्याच्या खणात आहे. पण त्या दुकानावरून मी अजून जात नाही, पलीकडच्या बोळाने जाते.

लोखंडीकढई

गं बाई. आई बरी आहे ना आता? तेवढंच महत्त्वाचं.

मोगरा_पहिला

हो, ठणठणीत. आत्ता माझ्याच शेजारी मटार सोलतेय.

कोर्टरस्ता

त्या वर्षी जुलैमध्ये सरकारने ऑक्सिमीटरवरच्या व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली. पण तोवर लाट ओसरली होती. तुम्हाला एप्रिलमध्ये ती हवी होती.

चकली

एक चांगलंही लिहिते. नारायण पेठेत एक म्हातारे दुकानदार होते, मिक्सर, इस्त्र्या ठेवायचे. माझ्या लग्नात मिक्सर घ्यायला गेलो, तर म्हणाले, "हा घेऊ नका, पुढच्या महिन्यात याचंच नवीन येतंय, हा तेव्हा चारशेनं उतरेल. लग्न कधी आहे?" तारीख सांगितली. "मग वेळ आहे." आम्ही पुढच्या महिन्यात गेलो, मिक्सर चारशे कमीला मिळाला. बावीस वर्षं झाली, भांड्याचा रबर तेवढा बदलला.

भिडेपूल

तो रबर कुठे मिळाला? माझा गळतोय. जुनं मॉडेल आहे, सगळीकडे "येत नाही आता" म्हणतात.

चकली

तपकीर गल्लीत, आत डावीकडे सुटे भाग विकणारे बसतात त्यांच्याकडे. भांडं बरोबर घेऊन जा, मापाने देतात.

पेरूगेट

रात्री आईला बिल दाखवलं. तिने जे सांगितलं ते मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. टीव्ही आणल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा एकटेच परत त्या दुकानात गेले होते. "असं का सांगितलंत?" एवढंच विचारायला. दुकानदाराने चहा मागवला. बाबा तो न घेता परत आले.

आणि त्यानंतर फ्रिज असो, पंखा असो, शेवटी शेवटी माझा पहिला मोबाइल असो, बाबा आधी बघून यायचे आणि मध्ये एक रात्र गेल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. मी मोबाइलच्या वेळी केवढी चिडले होते त्यांच्यावर, "तुम्हाला प्रत्येक गोष्टीला उशीरच करायचा असतो" म्हणून.

सिंहगडवारी

बाळ, बिल टाकू नकोस.

पेरूगेट

नाही काका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डब्यात परत ठेवलंय. उद्या मधली खोली काढायची आहे.