ट्रिपचा सेटपॉइंट ११५ वरून १२५ करायला एमओसी (मॅनेजमेंट ऑफ चेंज, म्हणजे बदलाआधीची तपासणी आणि मंजुरी) लागते का?

चिंचोळीकर:
नमस्कार मंडळी. चिंचोळी एमआयडीसीत एका केमिकल प्लांटला इन्स्ट्रुमेंटला आहे. रिअ‍ॅक्टरला हाय टेंपरेचर ट्रिप (तापमान वाढलं की आपोआप बंद करणारी सेफ्टी) ११५ डिग्रीला आहे, ऊन वाढल्यापासून उगीचच ट्रिप होतोय, बॅच वाया जाते, प्रॉडक्शनवाले डोकं खातात. त्यांचं म्हणणं १२५ करून टाका, आणि स्टोअरमध्ये दुसऱ्या मेकचा ट्रान्समीटर (सेन्सरचं रीडिंग सिग्नल करून पाठवणारा) पडलाय तो बसवा, रेंज सेम आहे म्हणजे लाइक फॉर लाइक (जसाच्या तसा बदल), एमओसीचा कागद कशाला. मला हे अजिबात पटत नाहीये पण मीटिंगमध्ये नेमकं बोलायचं काय? एसआयएल २ (सेफ्टीच्या भरवशाची लेव्हल) लूप आहे, सेन्सर एकच.

लूपचेक:
एमओसी लागतेच की ओ. ११५ का ठेवलं ते एसआरएसमध्ये (सेफ्टी सिस्टिमच्या गरजांचा कागद) नाहीतर हॅझॉपच्या (धोक्यांचा अभ्यास) शीटमध्ये असेल, आधी ते काढा. एक्झोथर्मिक रिअ‍ॅक्शन असेल तर टेंपरेचर वाढेल तसा वेग वाढत जातो, मग १२५ ला ट्रिप झाला तर हातात फार कमी वेळ उरतो आणि तेवढ्यात थर्मोवेलचा (सेन्सरवरची संरक्षक नळी) लॅग, लॉजिक सॉल्व्हर (ट्रिप ठरवणारा कंट्रोलर), व्हॉल्व्ह बंद व्हायचा टाइम सगळं बसायला पाहिजे. कोणी डिले टायमर टाका म्हणालं तर तोही ह्याच वेळातून जातो.
खोटा ट्रिप का येतोय बघितलं का पण? सेन्सर पीटी १०० (तापमानाबरोबर रेझिस्टन्स वाढणारा) असेल तर हेडमधलं टर्मिनल लूज झालं की रेझिस्टन्स वाढतो आणि रीडिंग वर जातं. १ डिग्रीला साधारण ०.३८५ ओहम, म्हणजे ४ ओहम वाढले तरी १० डिग्री खोटे. थ्री वायर असली तरी एकाच वायरीचा लूज कॉन्टॅक्ट कॅन्सल होत नाही. ट्रेंड काढा, खरंच तापत असेल तर चढ दिसेल, लूज असेल तर एकदम उडी.

रात्रपाळी:
मेक बदलला की लाइक फॉर लाइक संपलं. ट्रान्समीटरचा सिग्नल ४ ते २० एमए (मिलीअँपिअर) असतो, फेल झाल्यावर तो २१ एमएच्या वर जातो का ३.६ च्या खाली, ते बगा आधी. हाय ट्रिपला ट्रान्समीटर खाली फेल होत असेल आणि लॉजिकमध्ये तो फॉल्ट धरलेला नसेल तर रिअ‍ॅक्टर थंड आहे असंच दिसत राहणार, ट्रिप येणारच नाही. डॅम्पिंग (रीडिंग सावकाश बदलायचं सेटिंग) किती सेट आहे तेही बघा. फेल्युअर रेट वेगळा म्हणजे एसआयएलचं कॅल्क्युलेशनपण परत.

जुना डीसीएसवाला:
आयईसी ६१५११ मध्ये (प्लांटच्या सेफ्टी सिस्टिमचं स्टँडर्ड) सरळ आहे, बदल करायच्या आधी त्याचा सेफ्टीवर काय परिणाम होतो ते तपासायचं आणि मंजुरी घ्यायची. मीटिंगमध्ये फ्लिक्सबरो सांगा. १९७४, इंग्लंडमधला केमिकल प्लांट. एक रिअ‍ॅक्टर काढून त्या जागी टेंपररी बायपास पाइप टाकला, नीट डिझाइन न करता, तो फुटून स्फोट झाला आणि २८ माणसं गेली.

चिंचोळीकर:
ट्रेंड काढतो आजच. पण तोपर्यंत ट्रिप बायपास ठेवा म्हणतायत, ते चालेल का?

लूपचेक:
सेन्सर एकच आहे, बायपास केला तर मागे काहीच नाही उरत. चालू बॅचवर नकोच. बॅच संपली, रिअ‍ॅक्टर रिकामा झाला की हेड उघडा, टर्मिनल घट्ट करा, मग सेन्सरपासून व्हॉल्व्हपर्यंत पूर्ण टेस्ट घ्या, नुसता सिग्नल फोर्स करून नाही. खोट्या ट्रिपचा खरंच कायमचा त्रास असेल तर तीन सेन्सर आणि तीनपैकी दोनचं व्होटिंग मागा, आणि त्याचीही एमओसी करा.