एफ४ वरून एच७ वर आणलेला ड्रायव्हर: डीएमए बफरमध्ये शिळे बाइट, मदत हवी आहे

मंडळी, तीन दिवस डोकं फोडून झालं, आता तुमच्या दारात आलोय.

चिप एसटीएम३२एच७४३ (एच७ मालिकेतला मायक्रोकंट्रोलर), वर फ्रीआरटीओएस ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम. सेन्सर मॉड्यूलकडून युआर्टवर (सिरियल पोर्टवर) दर १० मिलिसेकंदाला ५० बाइटची फ्रेम येते. बफर १०० बाइटचा, सर्क्युलर डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता हार्डवेअरच मेमरीत लिहितं, शेवटाला पोचलं की पुन्हा सुरुवातीपासून), अर्धा भरला की इंटरप्ट, पूर्ण भरला की इंटरप्ट. हाच ड्रायव्हर आधीच्या एफ४०७ चिपवर दोन वर्षं बिनबोभाट चालला.

एच७ वर आधी तर काहीच येईना. मॅप फाइल (कुठलं व्हेरिएबल कुठल्या पत्त्यावर ते सांगणारी) उघडली तेव्हा कळलं, बफर डीटीसीएममध्ये, म्हणजे प्रोसेसरला थेट जोडलेल्या रॅममध्ये पडलाय आणि तिथे डीएमए१ चा हातच पोचत नाही. बफर एएक्सआय एसरॅममध्ये (चिपवरच्या दुसऱ्या रॅममध्ये) हलवला. डेटा आला, पण आधीच्याच फ्रेमचे बाइट पुन्हा पुन्हा. डी-कॅश (रॅममधल्या डेटाची प्रोसेसरजवळची प्रत) बंद केली की सगळं सुरळीत. म्हणून इंटरप्टमध्ये आलेल्या ५० बाइटांवर इनव्हॅलिडेट मारतोय, म्हणजे कॅशमधली प्रत फेकून देतोय.

तरी दुसऱ्या अर्ध्यातल्या फ्रेमचा सीआरसी (चूक पकडणारा तपासणीचा आकडा) मधूनच चुकतो. डंप काढला तर शेवटचे ८ बाइट जुने. आणि बफरच्या आधी ठेवलेला फ्रेम काउंटर चक्क मागे जातो! १०४७ चा १०४५. भुताटकीच म्हणायची. कॅश बंद ठेवणं परवडत नाही, याच चिपवर एफएफटीही (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी काढणारं गणित) चालते.

प्रतिसाद

भुताटकी नाही भाऊ, अलाइनमेंट. एम७ ची, म्हणजे या चिपच्या प्रोसेसरची कॅश लाइन (कॅश एका वेळी हलवते तो तुकडा) ३२ बाइटची. तुझा काउंटर आणि बफरची सुरुवात एकाच लाइनीत आहेत. काउंटरची नवी किंमत कॅशमध्येच असते, रॅममध्ये उतरायच्या आत तू लाइन फेकून देतोस. मग रॅममधली जुनी वर येते.

शेवटच्या ८ बाइटांचं: तुझं सीएमएसआयएस (एआरएमची लायब्ररी) जुनं असणार. त्यातलं इनव्हॅलिडेट दिलेल्या पत्त्यापासून ३२-३२ च्या उड्या मारतं. पत्ता लाइनीच्या मध्ये असला की शेवटची लाइन सुटते. एफएफटीने ती लाइन आधीच बाहेर ढकलली असेल तर फ्रेम बरोबर येते, म्हणून "मधूनच".

६४ बाइटचे दोन वेगळे बफर घे, दोन्ही ३२ वर अलाइन, डीएमए डबल बफर मोडमध्ये (आळीपाळीने दोन्ही भरतो), मोजणी ५०. उरलेल्या १४ बाइटांत काहीही ठेवू नकोस. आणि पाठवताना उलटं: डीएमए सुरू करण्याआधी क्लीन, म्हणजे कॅशमधलं रॅममध्ये उतरवणं.

एमपीयूने (मेमरीच्या भागांचे नियम ठरवणाऱ्या हार्डवेअरने) तो तुकडा नॉन-कॅशेबल करणं हाही मार्ग आहे. एवढ्याशा फ्रेमसाठी मी तेच करतो, आळशी माणूस.

धागाकर्ता

मॅप फाइलवरून पत्ते मांडून पाहिले, काउंटर खरंच लाइनीच्या पहिल्या ४ बाइटांत बसलाय. डबल बफर लावून बोर्ड रात्रभर चालू ठेवलाय. सकाळी आकडे टाकतो.