विषय: पद्मिनीचं ब्रेक पेडल मऊ लागतंय, शनिवारी पेणला जायचंय

मंडळी, बाबांची जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी बाहेर काढली. पहिल्या दाबाला पेडल पार खाली, भराभर पंप केलं की वर येतं. ब्रेक ऑइल जागच्या जागी, कमी झालेलं नाही. नाक्यावरचा मेकॅनिक म्हणतो मास्टर सिलिंडर गेला, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलतो तो. शनिवारी मंडळाची गणपतीची मूर्ती आणायची आहे. करू का खर्च?
— गिरगावहून

> पॅड झिजले असतील. माझ्या कॅमरीचं तसंच झालं होतं.
— न्यू जर्सी

पद्मिनीला पॅड कुठून आणलेस? पॅड डिस्क ब्रेकला असतात, हिच्या चारही चाकांना ड्रम आहेत!

गिरगाव, आधी एवढं कर. पंप करून वर आलेल्या पेडलवर पाय तसाच दाबून धर. तिथेच कडक राहिलं तर शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवतात ते) आणि ड्रममधलं अंतर वाढलंय, ॲडजस्ट करून घे. वर येऊनही लिबलिबीत लागलं तर ऑइलच्या लाइनीत हवा शिरलीय. आणि पायाखाली हळूहळू बसत गेलं तर मास्टरचे रबर कप आतल्या आत ऑइल सोडतायत. बाहेर गळत नाही, म्हणून पातळी उतरत नाही.

हवा काढायची झाली तर डाव्या मागच्या चाकापासून. आपलं स्टिअरिंग उजवीकडे, मास्टरपासून तेच चाक सगळ्यात लांब. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेव. जुन्या मास्टरमध्ये पुढच्या भागात गंज असतो, तळापर्यंत दाबलं की चांगला कपही फाटतो.
— मुलुंडचा काका

> नवीन ऑइल घालताना डॉट ५ घ्या, ते पाणी शोषत नाही.

अजिबात नको! ते सिलिकॉनचं, जुन्यात मिसळत नाही. साधं डॉट ३ घे, पण सीलबंद डबा. कोरडं असताना ते किमान २०५ अंशांना उकळतं, ओलावा शिरला की ही मर्यादा १४० वर येते. मुंबईच्या पावसाळ्यात अर्धा उघडा डबा ठेवायचाच नाही.
— मुलुंडचा काका

आमच्या ह्यांनी केम्प्स कॉर्नरच्या उतारावर गाडी हँडब्रेकवर थांबवली होती. मी मागे, मांडीवर अळूवडीचा डबा. वड्या शाबूत राहिल्या, पण त्या दिवसापासून मी पुढे बसते.
— पार्ल्याची मावशी

ब्रेक नसलेल्या गाडीतून मंडळाची मूर्ती आणायला कार्यकारिणीची मंजुरी नाही. टेम्पो ठरला होता.
— कोषाध्यक्ष

टेम्पो ठरला नव्हता, "बघू" ठरलं होतं. मूर्ती कशी आणायची ते आमची समिती बघेल.
— मूर्ती समिती

काका, पाय दाबून धरला. हळूहळू खाली बसलं. ऑपेरा हाउसला मास्टरच्या रबर कपांचं किट मिळेल का?
— गिरगावहून

मग मेकॅनिक बरोबर आहे. पण किट घेण्याआधी मास्टर उघडून आतली भिंत नखाने चाचप. खड्डे लागले तर किटचे पैसे पाण्यात, अख्खा मास्टरच घे. चाकातल्या, शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचे डस्ट कव्हरही उचलून बघ, आत ओल दिसली तर तेही काम निघालं. शनिवारपर्यंत घाईघाईत उरकून कर्नाळ्याच्या वळणांवर ट्रायल घेऊ नकोस.
— मुलुंडचा काका

म्हणजे टेम्पोच. पावती माझ्या नावे पाठवा, मूर्ती समितीच्या नको.
— कोषाध्यक्ष