झेड की झी? लेकीचं कोणतं बरोबर धरायचं?

सक्करदऱ्याची आई:
लेक केजी टूमध्ये आहे. मोबाईलवरच्या गाण्यातून एबीसी शिकली, म्हणून शेवटी ‘झी’ म्हणते. तोंडी परीक्षेत बाईंनी चूक दिली आणि सगळ्यांसमोर ‘झेड’ म्हणायला लावलं. आता घरी एबीसी म्हणताना ‘वाय’पाशी आली की थांबते आणि माझ्या तोंडाकडे बघते. खरंच चूक आहे का हे?

मिहानवाला:
चूक नाही जी. मी अमेरिकेतल्या ग्राहकांचे फोन घेतो. सिरियल नंबर सांगताना ‘झेड’ म्हटलं की काही जण अडखळतात, ‘झी’ म्हटलं की ‘सी’ लिहून घेतात. म्हणून आम्ही सरळ ‘झुलू’ म्हणतो. ए, बी, सी ऐवजी अल्फा, ब्राव्हो, चार्ली असे शब्द सांगायची ही विमानवाल्यांची यादी १९५६ पासून चालू आहे, ती असल्याच गोंधळासाठी. पोरीले रागावू नका.

महालातली निवृत्त शिक्षिका:
ताई, तुमच्या मुलीचं काहीही चुकलेलं नाही. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, म्हणून हे मनापासून सांगते.

‘झेड’ हे ग्रीक ‘झीटा’वरून फ्रेंचमार्गे आलेलं नाव. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि आपल्याकडे तेच रुळलं. ‘झी’सुद्धा मूळ इंग्लंडमधलंच, सतराव्या शतकातलं, पण टिकलं अमेरिकेत. अमेरिकन कोशकार वेब्स्टरने १८२८च्या कोशात तेच नाव दिलं. एबीसीचं गाणं १८३५ साली बॉस्टनमध्ये छापलं गेलं, आणि त्यात ‘झी’चं ‘व्ही’शी, ‘मी’शी यमक जुळतं. ‘झेड’ने ते बिघडतं. मुलांच्या तोंडी ‘झी’ बसणारच! कॅनडात तर पुष्कळ मुलं टीव्हीमुळे लहानपणी ‘झी’ म्हणतात आणि मोठी होता होता ‘झेड’वर येतात.

एकाच देशातही फरक असतो. आयर्लंडमध्ये ‘एच’ला ‘हेच’ म्हणतात. उत्तर आयर्लंडमध्ये तर या एका अक्षरावरून माणूस कॅथलिक की प्रोटेस्टंट, याचा अंदाज बांधला जायचा. स्कॉटलंडमध्ये काही जण ‘जे’ला ‘जाय’ म्हणतात. ही माणसं अशिक्षित थोडीच आहेत?

तोंडी परीक्षेत अक्षर ओळखता येतं का, एवढंच बघायला हवं. शाळेत झेड, गाण्यात झी, असं तिला सांगा. मुलांना ते पटकन कळतं.

धरमपेठकर:
मला नाही पटत. आपल्याकडे झेड आहे, तर लहानपणी एकच पक्कं करा. दुसरं कळेल पुढे.

सक्करदऱ्याची आई:
शनिवारी पालकसभा आहे, बाईंशी बोलते. मॅडम, आमच्या घरी सगळे ‘यच’, ‘यम’, ‘यन’ म्हणतात, ते चालेल?

महालातली निवृत्त शिक्षिका:
सध्या चालेल. आधी ‘जी’ आणि ‘जे’कडे लक्ष द्या. दोन्हीत ‘ज’ ऐकू येतो, त्यामुळे आपली मुलं ‘गणेश’चं स्पेलिंग ‘जे’ने सुरू करतात. मुलीला तिच्या डब्यावरचं नाव बोट ठेवून वाचायला लावा.